पत्राखालचं दस्तुर खुद्द

माझ्या पीएचडीचा विषय सांगितला की जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनमधली मराठी मंडळी आधी हसायची आणि मग माझ्या नवऱ्याकडे सहानुभूतीनं बघायची. इंजिनियर लोकांचं गाव ते. निम्म्या मराठी घरांत कोणी ना कोणी मोटारींच्या कारखान्यात, माझा नवराही तिथलाच. गणपतीला नाहीतर दिवाळीला कोणाच्या तरी घरी पंधरावीस जण जमले की हातात बशी घेऊन चौकशी व्हायची, "काय, झाली का मोडी वाचून?" मी सांगायची, कंपनी सरकारचा अंमल नवा नवा असताना आपल्याकडची साधी माणसं, म्हणजे कुणबी, तेली, शिंपी वगैरे, कितपत लिहीत-वाचत होती ते मी शोधतेय. "लिहीत नव्हतीच की," एक काका म्हणाले होते. "आल्झो, थोडक्यात, विषय संपला." सगळे हसले, मीही हसले. घरी जाताना मात्र माझं डोकं तापलेलं होतं. काकांचं म्हणणं जवळजवळ खरं होतं आणि ते खोटं पाडण्यासाठी मी दर आठवड्याला तीन दिवस गाडीनं जा-ये करत होते.

लग्न होऊन जर्मनीत आले ते दोन हजारचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. माझ्याजवळ इतिहासातलं एमए होतं आणि पुण्यात हौसेखातर केलेला मोडीचा वर्ग. दोन्हींचा तिथं उपयोग शून्य. आउसलेंडरबेहोर्डमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, फॉर्मवर येणाऱ्या भाषा आणि लिप्या लिहायच्या होत्या. मोडी लिहू का, असं विचारलं तर नवरा म्हणाला, "गप्प बस, ते आधीच गोंधळलेत." पुढं जवळच्याच एका युनिव्हर्सिटीत भारताचा इतिहास शिकवणाऱ्या एक बाई भेटल्या. जर्मनीत गाइडला डॉक्टरफाटर म्हणतात, डॉक्टरकीचा बाप. माझ्या वाट्याला आली डॉक्टरमुटर. साठीच्या, ताठ, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी मला एका लहानशा आर्शीफात, म्हणजे जुन्या कागदांच्या दप्तरखान्यात, नेलं आणि समोर एक गठ्ठा ठेवला. म्हणाल्या, हे इथं कोणालाच वाचता येत नाही.

घाटावरच्या एका बाजाराच्या गावी काही वर्षं राहून आलेल्या कुण्या जर्मन पाद्र्याचे ते कागद. पेशवाई बुडून फार दिवस झालेले नव्हते. गावातल्या माणसांना जर्मन कोण आणि इंग्रज कोण हे कळायचं कारण नव्हतं. साहेब म्हणजे साहेब. त्यामुळे लोक त्यालाही सरकारचा माणूस समजून अर्ज आणून द्यायचे. तो ते पुढं पोचवायचा की नाही देव जाणे. गठ्ठ्यातच राहिले त्या अर्थी नसावाच.

मोडी कागद पहिल्यांदा बघणाऱ्याला त्यात अक्षरं दिसतच नाहीत. आधी पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली लिहीत सुटायचं. शब्द कुठं संपला ते वाचणाऱ्यानं समजून घ्यायचं. पण या अर्जांच्या खालची चित्रं मात्र कुणालाही कळली असती. लिहिता न येणारा माणूस सहीच्या जागी आपल्या धंद्याची खूण काढून द्यायचा. कुणब्यानं काढलेला नांगर, शिंप्याची कात्री, बाईमाणसाची बांगडी. त्याला निशाणी म्हणायचे. लिहिणारा दुसराच कोणीतरी, गावातला चार अक्षरं येणारा माणूस. आणि ज्यांनी स्वतः लिहिलं ते शेवटी अभिमानानं दोन शब्द टाकायचे: दस्तुर खुद्द. म्हणजे हे अक्षर माझं, या हातानं लिहिलेलं.

महिनोन्महिने मी नांगर आणि कात्र्या बघत बसले. अर्जांत बहुतेक सगळं ठरीव. साहेबाच्या पायाशी विनंती, इकडील क्षेम, तिकडील कळवावे, गरीबावर कृपा असावी. माणसाच्या पोटातलं एक वाक्य सापडेल तर शपथ. माझा राग त्या लिहिणाऱ्यांवर असायचा. हे मधले लोक सगळ्यांचं दुःख एका छापाचं करून ठेवतात, असं मी माझ्या वहीत लिहिलं होतं. आणि त्याच्याखाली दुसरं एक वाक्य, जे पुढं प्रबंधात गेलं आणि बाईंना फार आवडलं: ज्याला लिहिता येत नाही त्याला गुपित ठेवता येत नाही. त्याचं प्रत्येक पत्र आधी एका तिऱ्हाइताच्या कानावरून जातं आणि उत्तरही तिऱ्हाइताच्याच तोंडून येतं. किती हुशार होते मी.

पहिल्याच हिवाळ्यात मला तेलीण सापडली. एक विधवा, तिच्या दिरानं घाण्यावरून तिला हाकललं होतं. माहेरी कोणी नाही, मला माझ्या घाण्यापाशी राहू द्यावं, दीर म्हणेल ते करीन पण तिथून जाणार नाही, असा तिचा अर्ज होता. आणि त्यात एक वाक्य असं होतं की मी खुर्चीतून उठून आर्शीफाच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. 'घाणा थांबला की मला झोप लागत नाही.' हे कुठल्याही साच्यातलं नव्हतं. खाली बांगडी नव्हती. होतं ते दस्तुर खुद्द. तेलिणीनं स्वतः लिहिलेला अर्ज! कागदाचा खालचा कोपरा वाळवीनं खाल्ला होता, पण त्याकडे मी काणाडोळा केला. बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे खरं असेल तर हाच तुझा प्रबंध आहे." त्यानंतर मी बाकी सगळं त्या दोन शब्दांवर उभं केलं.

ही बातमी मी सगळ्यात आधी आईला कळवली. आई मिरजेला, दादा-वहिनींकडे असायची. ती स्वतः चौथीपर्यंत शिकलेली. मोठं, गोल, एकेक अक्षर स्वतंत्र बसवलेलं तिचं लेखन. ऱ्हस्व-दीर्घाशी तिचं कधी जमलं नाही, 'आणि' ती नेहमी 'आणी' लिहायची. पण पत्रं लिहायची हौस दांडगी. पंधरा-वीस दिवसांनी तिचं निळं पाकीट यायचंच. तेलिणीची हकिगत कळवल्यावर पुढच्या पत्राच्या शेवटी तिनं लिहिलं होतं, 'तुझ्या तेलिणीसारखं मीही लिहिते बघ. दस्तुर खुद्द.' ते वाचून मी एकटीच खूप हसले. तेव्हापासून तिचं प्रत्येक पत्र त्या दोन शब्दांवर संपायचं.

आमचं खरं बोलणं पत्रातच व्हायचं. दर रविवारी मी कार्ड वापरून फोन करायची, पण मिरजेचा फोन हॉलमध्ये, तोही जेवणाच्या टेबलाशेजारी. आई बोलायला लागली की घरातलं जो कोणी असेल तो ऐकत बसायचा. त्यामुळे फोनवर हवापाणी, कोणाचं लग्न, कोणाचं ऑपरेशन. मनातलं मी लिहायची. नवऱ्याबद्दल, त्या गावातल्या शांततेबद्दल, वहिनीबद्दलही. वहिनी शाळेत शिकवायची. सगळं नीटनेटकं, वेळच्या वेळी, आणि दुसऱ्यानं तसं केलं नाही तर चेहऱ्यावर नापसंती. मला ती 'वन्सं' म्हणायची, आजकाल कोणी म्हणत नाही तरी, थोडं चिडवल्यासारखं. आमचं भांडण कधी झालं नाही आणि सूतही जुळलं नाही.

दुसऱ्या वर्षी दादा फोनवर म्हणाला की आईला साखरेमुळे कमी दिसायला लागलंय. मी घाबरले. पण आठ दिवसांत आईचं पत्र आलं, तेच मोठं गोल अक्षर, खाली दस्तुर खुद्द, आणि माझा जीव भांड्यात पडला. दिसत नसतं तर लिहिलं कसं असतं? उलट शुद्धलेखन सुधारलं होतं. 'आणी'चं 'आणि' झालं होतं. मी कौतुकानं तिला कळवलंसुद्धा, म्हातारपणी सुनेच्या शाळेत बसतेस की काय म्हणून.

तिसऱ्या हिवाळ्यात मी खचले. याला दुसरा शब्द नाही. नवरा वाईट नव्हता. तो फक्त नसायचा. सकाळी अंधारात कारखान्यात जायचा, संध्याकाळी अंधारात यायचा, आणि आला की जर्मन बोलून दमलेला असायचा. शेजारणीशी माझं जिन्यात भेटण्यापुरतं. एकदा बसस्टॉपवर कोणीतरी काही विचारलं आणि माझ्या तोंडून कुठल्याच भाषेतला शब्द बाहेर पडेना. तो माणूस वाट बघून निघून गेला. मी तशीच उभी राहिले, बसही सोडली. आपण हळूहळू पुसले जातोय असं मला वाटत होतं, आणि ते कोणाच्या लक्षातही येणार नाही असं वाटत होतं.

तेव्हा मी आईला लिहिलं. फिरवून फिरवून लिहिण्याची ताकद नव्हती. 'आई, मला इथं जमत नाहीये. प्रबंध गेला खड्ड्यात. मी कायमची येऊ का? तू ये म्हणालीस तर येते. वहिनीला काय वाटायचं ते वाटू दे, तिला मी तशीही कधी आवडले नाही. फोनवर काही बोलू नकोस, पत्रानंच सांग.' पाकीट पेटीत टाकलं तेव्हाच मला बरं वाटायला लागलं. कपड्यांचं कपाट आवरायला घेतलं. काय न्यायचं, काय टाकायचं, मनातल्या मनात वेगळं केलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. 'येऊ नकोस. हाती घेतलेलं पुरं कर आणि मगच ये. माझी काळजी करू नकोस, मी छान आहे. वहिनीबद्दल मनात काही ठेवू नकोस. ती दिवसभर शाळा करून घरचं सगळं बघते. दस्तुर खुद्द.'

पत्र नेहमीपेक्षा लहान होतं. मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून ते वाचलं आणि रडूही आलं नाही. माझ्या आईनं मला नको म्हटलं होतं. वर सुनेची बाजू घेतली होती. मी कपाट परत होतं तसं लावून ठेवलं.

त्यानंतर मी आईशी चांगली वागले नाही, हे सांगायला हवं. पत्रं लिहिली, पण वरवरची. रविवारचे फोन आखडते घेतले. आई दर वेळी विचारायची, "कधी येतेस?" आणि मला त्याची चीड यायची. पत्रात येऊ नकोस म्हणायचं आणि चारचौघांत कधी येतेस म्हणून विचारायचं, हे कसलं नाटक? "काम संपलं की," मी म्हणायची. मुद्दाम गेले नाही. दोन उन्हाळे आले नि गेले, नवरा एकटा पुण्याला जाऊन आला, मी आर्शीफात बसून राहिले. तेलिणीवरचं प्रकरण लांबत चाललं होतं. आईनं दार लावलं होतं, तेव्हा मला दुसरं घरच राहिलं नव्हतं. ती तेलीण तरी स्वतःच्या हातानं लिहून भांडली होती. मला तिचा आधार वाटायचा, हे आज लिहिताना हसू येतं.

प्रबंध द्यायला सहा महिने राहिले असतील. एका शुक्रवारी मी गठ्ठ्यातले उरलेसुरले कागद उलगडत होते. नुसतीच यादी करायची म्हणून. त्यात एका शिंप्याचा अर्ज निघाला. दोन ओळी वाचल्या आणि हात थांबला. अक्षर ओळखीचं होतं. तोच 'ळ', शेवटी शेपूट उगाच वर नेलेला. तोच 'क्ष'. माझ्या तेलिणीचं अक्षर. खाली शिंप्यानं वेडीवाकडी कात्री काढली होती, आणि कात्रीच्या शेजारी, त्याच हातानं, लिहिलं होतं दस्तुर खुद्द.

ज्याला कात्री काढावी लागते त्याचं दस्तुर खुद्द कसं असेल? मी आणखी शोधलं. एका गुरवाचा कागद मिळाला, तेच अक्षर, तेच शेवटचे दोन शब्द. लिहिणारा एकच होता. त्यानं कधीतरी कुठल्या तरी मोठ्या माणसाच्या पत्राखाली ते शब्द पाहिले असणार आणि पत्र असंच संपवायचं असतं असं धरून चालला असणार. अर्थ त्याला माहीत नसेल. किंवा नीट माहीत असेल आणि साहेबावर छाप पडावी म्हणून लिहीत असेल. काहीही असो, माझ्या तेलिणीला लिहिता येत नव्हतं. वाळवीनं खाल्लेल्या कोपऱ्यात तिची खूण असणार. पाच वर्षांचं काम एका कात्रीनं कापलं गेलं.

मी तशीच उठून बाईंच्या खोलीत गेले आणि दोन्ही कागदांचे फोटो त्यांच्यासमोर ठेवले. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "गेनाऊ," एवढंच म्हणाल्या. अगदी बरोबर. मग माझा चेहरा बघून त्यांनी खुर्ची पुढं सरकवली.

मी म्हटलं, "हात तिचा नाही, पण शब्द तर तिचे आहेत. घाणा थांबला की झोप लागत नाही, हे दुसरा कोण सांगेल?"

"शब्द तिचे आहेत हे कशावरून?" बाई म्हणाल्या. त्यांच्या स्वरात काही वाकडं नव्हतं. "कदाचित तो लिहिणारा चांगला लेखक असेल. कदाचित तिला तिथं राहायचंच नसेल आणि दुसऱ्या कोणाला तिनं राहायला हवं असेल. तिला वाचून दाखवलं असेल का? तिनं नाही म्हटलं असतं तर तो खोडणार होता का? आपल्याला माहीत नाही. ते तसंच लिही, माहीत नाही म्हणून."

परतीच्या गाडीत मी कोपऱ्यात बसले. बाहेर चांगलं ऊन होतं, लोक सायकली घेऊन डब्यात चढत होते. घरी आले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. मला कोणाचं तरी लिहिलेलं काहीतरी वाचायचं होतं, ज्यात शंका घ्यायला जागा नाही असं. म्हणून आईचा राग बाजूला ठेवून तिची पत्रं काढली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर तारखेप्रमाणे लावली. हीच सवय लागली होती हाताला.

मग दिसलं ते. ते आधी दिसलं नाही याची मला आजही लाज वाटते. पहिल्या दीड वर्षाची पत्रं एका हाताची होती आणि नंतरची दुसऱ्या. गोल अक्षर तसंच मोठं काढलेलं, पण आईच्या 'श'ची गाठ उघडी असायची आणि ही मिटलेली. आईच्या ओळी उजवीकडे खाली उतरायच्या, या सरळ होत्या, फूटपट्टी ठेवल्यासारख्या. आणि 'आणि'. अक्षराची नक्कल करणाऱ्या माणसाला सगळं साधलं होतं, फक्त शुद्धलेखन चुकवायला हात धजावला नव्हता. मिरजेच्या त्या घरात 'आणी' लिहिणं ज्याच्या जिवावर येईल असं माणूस एकच होतं.

म्हणजे माझी पत्रंही वहिनीच वाचत होती. वहिनीला मी आवडत नाही, हे वाक्य वहिनीनं वाचलं होतं. शुद्धलेखनाचं कौतुकही तिनंच वाचलं होतं. 'ती दिवसभर शाळा करून घरचं सगळं बघते', हे तिचं स्वतःबद्दलचं लिहिणं होतं. ते वाचून मला चीड यायला हवी होती, आणि आली ती दया. बिचारीला दुसरं कोण म्हणणार होतं तसं? पण हे सगळं बाजूला सारून एकच गोष्ट राहत होती. 'येऊ नकोस' कोणाचं होतं? आईनं तोंडानं सांगितलं आणि वहिनीनं उतरवून घेतलं, की आईला माझा प्रश्न कधी वाचून दाखवलाच नव्हता? त्या पत्रानंतर दर रविवारी आई कधी येतेस म्हणून विचारत होती. मी कागद खरा धरला होता आणि तिचा आवाज खोटा.

शनिवारी सकाळी अकराला मी फोन लावला. तिकडे दुपार. वहिनीनंच घेतला. "वन्सं? आज शनिवारी कसा काय? सगळं बरं आहे ना?"

"बरं आहे. आईला दे ना."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग काठीचा. काठी मला माहीत नव्हती. आई फोनवर आली. इकडचं तिकडचं न बोलता मी विचारलं, "आई, तुझी पत्रं कोण लिहितं?"

आई हसली. "कळलं का तुला शेवटी? अगं, हीच लिहिते. मला आता काही दिसत नाही, उजेड-अंधार तेवढा कळतो. तुला सांगू नका म्हटलं मीच, सगळं टाकून धावत येशील म्हणून. ही म्हणाली, तुमच्यासारखंच काढते अक्षर. आणि ते शेवटचं, तुझ्या तेलिणीचं, ते मी आठवणीनं घालायला लावायची हो."

तिच्या आवाजात गंमत होती. मी कितीतरी दिवसांनी तो आवाज नीट ऐकत होते. क्षणभर वाटलं, इथंच थांबावं. पण राहवलं नाही.

"आई, मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात मी तुला लिहिलं होतं, मी कायमची येऊ का म्हणून. तू नको म्हणालीस."

आई हळूच म्हणाली, "तू विचारलं होतंस?"

मागं कुठंतरी भांडी लावण्याचा आवाज येत होता. तो थांबला. वहिनी तिथंच होती, टेबलापाशी. आईला ती दिसत नव्हती, पण आवाज थांबलेला तिलाही कळला असणार. आंधळ्या माणसाला असं लगेच कळतं. जेवणाचं ताट, इन्सुलिनची सुई, आंघोळीच्या पाण्यापर्यंत धरलेला हात, दिवसभराचं सगळं ज्या बाईकडून यायचं ती पाच पावलांवर उभी होती. दादा काय, सकाळी जाऊन संध्याकाळी येणारा.

"हो हो," आई म्हणाली. आवाज एकदम मोठा झाला होता, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतका. "विचारलं होतंस की. मीच सांगितलं हिला, लिही म्हणून, येऊ नको म्हणून. तुझं शिक्षण मध्येच राहिलं असतं. हल्ली माझ्या ध्यानात राहत नाही काही."

"खरंच तू सांगितलंस?"

"अगं मीच," आई म्हणाली. आणि मग, अगदी खाली, विनवल्यासारखं, "मीच गं."

कोणाच्या मनात काय होतं ते मला आजही माहीत नाही. वहिनीला आणखी एक माणूस घरात नको होतं, की शिकलेल्या नणंदेचं आयुष्य फुकट जाऊ नये असं खरोखर वाटलं होतं? तिनं प्रश्न गाळला, की वाचला आणि आई विसरली? पाच वर्षं मी हेच शिकत होते की असा कागद बघून काय विचारायचं, आणि विचारायचे सगळे प्रश्न माझ्या तोंडाशी होते. त्यातला एक जरी मी विचारला असता तरी त्याचं उत्तर आईला फोन ठेवल्यावर, त्या घरात, रोज द्यावं लागलं असतं.

"हो आई, आठवलं मला," मी म्हटलं, मीही मोठ्यानंच. "तुझंच पत्र होतं ते. तूच सांगितलं होतंस."

"बघ," आई म्हणाली आणि तिनं फोन वहिनीकडे दिला.